परदेशात गाडी ठोकली तर

पुण्यात किंवा ठाण्यात सिग्नलला गाडीला गाडी घासली की दोघे खाली उतरतात, आवाज चढतात, बघे जमतात आणि शेवटी हजार-दोन हजारांवर 'मिटवून टाकू' असं ठरतं. पोलीस चौकीच्या फेऱ्या नकोत, विम्याचा नो-क्लेम बोनसही जायला नको, हा त्यामागचा हिशेब इथे समजण्यासारखा आहे. भाड्याची गाडी घेऊन परदेशात फिरणाऱ्यांना मात्र हीच सवय सगळ्यात महागात पडते.

दुबईत पोलिसांच्या अहवालाशिवाय गॅरेजवाला ठोकलेली गाडी दुरुस्तीला घेत नाही. मॉलच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून बंपरला पोचा आला, तरी तो कागद लागतो. धडक किरकोळ असेल आणि कोणाला लागलं नसेल, तर गाडी बाजूला घेऊन दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवरून नोंद करता येते. कोणी जखमी असेल तर ९९९ हा नंबर फिरवायचा.

जपानमध्ये नियम आणखी काटेकोर आहे. अपघात कितीही लहान असो, तो पोलिसांना कळवणं चालकावर कायद्याने बंधनकारक आहे; त्यासाठी ११० आणि अँब्युलन्ससाठी ११९. पोलिसांकडे नोंद नसेल तर अपघाताचा दाखला मिळत नाही आणि दाखला नसेल तर गाडी-कंपनीचा विमा हात वर करतो. समोरचा माणूस वाकून नमस्कार करत 'जाऊ द्या' म्हणाला, तरी जाऊ द्यायचं नाही.

फ्रान्समध्ये तर निम्मा पंचनामा चालकांनाच करावा लागतो. कोणाला इजा नसेल तर पोलीस सहसा येत नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात एक छापील फॉर्म असतो, तो दोन्ही चालकांनी मिळून भरायचा. डावीकडचा निळा रकाना 'अ' गाडीचा, उजवीकडचा पिवळा 'ब' गाडीचा. मधल्या बाराव्या रकान्यात सतरा वाक्यं असतात: पार्किंगमधून बाहेर पडत होतो, लेन बदलत होतो, रिव्हर्स घेत होतो, वगैरे. लागू असेल तिथे फुली मारायची आणि एकूण किती फुल्या मारल्या तो आकडा खाली लिहायचा, म्हणजे नंतर कोणी गुपचूप एखादी वाढवू शकत नाही. त्याखाली रस्त्याचं आणि गाड्यांचं रेखाचित्र, मग शेरा, मग दोघांच्या सह्या.

चूक कोणाची हे विमा कंपन्या मुख्यतः या एका कागदावरून ठरवतात. सही झाल्यावर त्यात बदल करता येत नाही. त्यामुळे समोरच्याने घाईघाईने फुल्या मारून कागद पुढे केला, तर आधी नीट वाचावं. फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही, कारण युरोपभर या फॉर्मची मांडणी आणि रकान्यांचे क्रमांक सारखेच असतात. इंग्रजी प्रत मोबाइलमध्ये असली की शेजारी धरून जुळवता येते. पटत नसेल ते चौदाव्या रकान्यात इंग्रजीत लिहावं. कोणाला थोडंसं जरी खरचटलं असेल, तरी तिसऱ्या रकान्यात तशी नोंद हवीच.

न्यूझीलंडची व्यवस्था या सगळ्यांहून वेगळी आणि मनापासून कौतुक करावी अशी आहे. १९७४पासून तिथे अपघातात जखमी झालेल्याच्या उपचारांचा भार सरकारी योजना उचलते, चूक कोणाचीही असो आणि जखमी माणूस पर्यटक का असेना. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जाता येत नाही. पण या योजनेत मायदेशी परतण्याचा खर्च नाही, हुकलेली विमानं नाहीत, भारतातला बुडालेला पगार नाही आणि गाडीची मोडतोडही नाही. शिवाय तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान केलं, तर ते अंगावर येऊ शकतं.

युरोपचा व्हिसा काढताना घेतलेल्या प्रवास विम्याबद्दल मोठा गैरसमज आहे. शेंगेन व्हिसाला लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा असतो तो आजारपणाचा, रुग्णालयाचा आणि मायदेशी परत आणण्याचा. भाड्याच्या गाडीचा पत्रा त्यात येत नाही. त्याची जबाबदारी गाडी घेताना काउंटरवर सही केलेल्या करारात असते. त्या कराराप्रमाणे ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान ग्राहकाने भरायचं असतं आणि तेवढे पैसे क्रेडिट कार्डावर आधीच अडकवून ठेवतात. टायर, काच आणि गाडीची खालची बाजू अनेकदा वगळलेली असते. आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे करारात नाव नसलेला चालक. नवरा दमला म्हणून बायकोने किंवा मित्राने स्टिअरिंग हातात घेतलं आणि तेव्हाच अपघात झाला, तर विमा सहसा हात झटकतो. जास्तीच्या चालकाचं नाव घालायला थोडे पैसे लागतात. तिथे काटकसर करू नये.

भारतीय दूतावास रुग्णालयाचं बिल किंवा दंड भरेल, या भरवशावर राहू नये. नातेवाइकांना कळवणं, वकिलांची यादी देणं, अधिकाऱ्यांशी संपर्क साधणं ही त्यांची मदत. अटक झाली, तर दूतावासाला कळवा असं सांगण्याचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना कराराने प्रत्येकाला दिला आहे. तो जरूर वापरावा.

आणि हे सगळं ज्यावर उभं आहे ते म्हणजे वैध परवाना. तोच नसेल तर विम्याचा एकही कागद उपयोगी पडत नाही. जपानमध्ये आपल्याकडच्या आरटीओने दिलेली आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका प्रत्यक्ष हातात लागते, मोबाइलमधला फोटो चालत नाही. ही पुस्तिका एक वर्ष चालते आणि ती निघण्याआधीच काढलेली बरी. तेव्हा सुट्टीची तिकिटं काढली असतील, तर बॅग भरायच्या आधी आरटीओचं काम उरकून घ्या.