तुरीच्या मर रोगाची खरी भावकी

परभणी जिल्ह्यात तूर आणि हरभरा या दोन्ही पिकांना ‘मर’ लागते. तुरीचे झाड फुलोऱ्याच्या किंवा शेंगा भरण्याच्या सुमारास पिवळे पडून उभेच वाळते. कधी एकच फांदी वाळते आणि बाकीचे झाड हिरवे राहते. बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो, आणि साल सोलली की आतल्या लाकडावर तपकिरी-काळ्या रेघा असतात. हरभऱ्याचे रोप मान टाकते. त्याचे मूळ उभे चिरले तर आत तशीच काळपट रेघ सापडते. लक्षणे सारखी, रोगाचे नाव एक आणि दोन्हींच्या मुळाशी असलेली बुरशीही फ्युजेरियम या एकाच वंशातली. साहजिकच ही एकाच जातीची दोन रूपे आहेत, असा समज दीर्घकाळ टिकला. जनुकांच्या पुराव्याने तो मोडला.

तुरीवरच्या बुरशीला १९१० मध्ये बिहारमधील पुसा येथे एडविन जॉन बटलर यांनी फ्युजेरियम उडम हे नाव दिले. पुढे वोलेनवेबर आणि राइन्किंग यांनी १९३५ मध्ये या वंशाच्या ६५ जाती मांडल्या. बीजाणूंच्या बारीकसारीक फरकांवर उभे राहिलेले हे वर्गीकरण इतके किचकट होते, की १९४० च्या दशकात अमेरिकेतील स्नायडर आणि हॅन्सन यांनी जातींची संख्या थेट नऊवर आणली. त्यात तुरीची मर फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या मोठ्या जातीत गेली. हरभऱ्याची मरही तिथेच होती. काही अभ्यासक मात्र बटलर यांचेच नाव वापरत राहिले. दोन्ही बाजूंचा आधार सूक्ष्मदर्शकाचाच होता. तुरीच्या बुरशीच्या बीजाणूचे टोक आकड्यासारखे वाकलेले असते, ही त्यातली एक खूण. पण बीजाणूंचा आकार माध्यम, उजेड आणि तापमानानुसार बदलतो, त्यामुळे वाद मिटत नव्हता.

निकाल १९९८ मध्ये लागला. ओ’डॉनेल, सिगेलनिक आणि निरेनबर्ग यांनी फ्युजेरियमच्या अनेक जातींची जनुके शेजारी ठेवून वंशवृक्ष तयार केला. त्यात तुरीची बुरशी ऑक्सिस्पोरमपासून वेगळी पडून फ्युजिकुरोई गटात, त्यातही आफ्रिकी शाखेत गेली. हरभऱ्याची मर ऑक्सिस्पोरमकडेच राहिली. बटलर यांचे नाव बरोबर ठरले. याच शाखेत ज्वारीच्या दाण्यावर वाढणाऱ्या काही जातीही आहेत. म्हणजे तुरीच्या मर रोगाची भावकी हरभऱ्याशी नसून ज्वारीच्या बुरशीशी आहे.

खरीप ज्वारी पक्व होताना पाऊस लांबला की कणसातले दाणे गुलाबी, पांढुरके किंवा काळे पडतात. काळेपणा बहुधा कर्व्ह्युलारियाचा, तर गुलाबी रंग फ्युजेरियमचा. ‘परभणी मोती’सारखी रब्बी ज्वारी कोरड्या हवेत पक्व होत असल्याने या त्रासातून सहसा सुटते. दाण्यावरच्या या फ्युजेरियमला पूर्वी सरसकट मोनिलिफॉर्मे म्हणत. ते आता एक नाव उरलेले नाही: १९९७ मध्ये थॅप्सिनम आणि २००१ मध्ये आंदियाझी या जाती वेगळ्या झाल्या, आणि मुख्यतः मक्यावर आढळणारी जाती व्हर्टिसिलिऑइडिस म्हणून ओळखली जाऊ लागली.

ही विभागणी कागदावरची नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८८ मध्ये सापडलेले फ्युमोनिसिन हे विष व्हर्टिसिलिऑइडिस मोठ्या प्रमाणात बनवते, थॅप्सिनम अगदी थोडे. अवकाळी पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. त्या धान्यात फ्युमोनिसिन आढळले. दाण्यावर कोणती जाती आहे, हे जुन्या एका नावावरून कळणे शक्यच नव्हते.

यीस्टच्या बाबतीतही हेच घडले. कोणती साखर आंबते, कोणती नाही, यावर त्यांची ओळख ठरत असे. कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी १९९८ मध्ये सुमारे ५०० यीस्टच्या रायबोसोमी जनुकाचा एक तुकडा तपासला आणि त्यात साधारण एक टक्क्याहून अधिक फरक असेल तर जाती बहुधा वेगळी, असा आडाखा दिला. रुग्णालयांना छळणारी, २००९ मध्ये जपानमध्ये वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस जुन्या चाचण्यांत भलत्याच नावाने ओळखली जाई. २०२४ मध्ये तिला कॅन्डिडोझायमा या नव्या वंशात हलवण्यात आले. फ्युजेरियमसाठी मात्र रायबोसोमच्या परिसरातील तुकडा पुरत नाही. तिथे जवळच्या जाती वेगळ्या करायला टीईएफ-१ हे जनुक वाचावे लागते.

सगळेच वाद संपलेले नाहीत. हरभऱ्याच्या काळ्या मूळकुजीशी संबंधित सोलानी गटाला निओकॉस्मोस्पोरा हा वेगळा वंश मानावा, असे काहींचे मत आहे. २०२१ मध्ये १९ जनुकांच्या आधारे तो गट फ्युजेरियममध्येच ठेवावा, असा पक्ष मांडला गेला.

भावकी जुळली म्हणून यजमान पीक एक होत नाही, हे शेतकऱ्याने नीट लक्षात घ्यावे. ज्वारीच्या दाण्यावरची बुरशी तुरीला मर आणत नाही; उलट तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर कमी होते. मर येणाऱ्या रानात त्याच जागी पुन्हा तूर घेऊ नये, आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राच्या ‘बीएसएमआर-७३६’सारख्या प्रतिकारक वाणांना पसंती द्यावी. भिजून गुलाबी पडलेली ज्वारी मात्र माणसांना नको आणि जनावरांनाही नको.