लाल दिवा लागायच्या आधी

मुलांनो, पाच मिनिटांचं गाणं रेकॉर्ड करायला किती वेळ लागतो? "पाच मिनिटं!" असं उत्तर तुमच्या ओठांवर आलं असेल. बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, गायक गातो, झालं! मोबाइलवर आपण तसंच तर करतो.

चला, आज आपण एक छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओच काढून पाहू. काढायचा कागदावर, पण अडचणी मात्र सगळ्या खऱ्याखुऱ्या घ्यायच्या. आणि जागाही खरी घ्यायची. मुंबई-पुणे नको, आपण स्टुडिओ काढू राजूरला.

राजूर म्हटलं की नगरकडच्या मुलांना अकोले तालुक्यातलं राजूर आठवेल आणि जालन्याच्या मुलांना गणपतीचं राजूर. आपलं राजूर त्या दोन्हींहून वेगळं. ते यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. म्हणजे एकीकडे काळी धूळ, दुसरीकडे पांढरी! वणीच्या या पट्ट्यात कोळशाचे ट्रक धडधडत असतात. उकणीसारख्या उघड्या खाणींत सुरुंग उडतात, तेव्हा जमीन थरथरते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. "अशा ठिकाणी स्टुडिओ? काहून बाप्पा?" असं कुणी विचारलं तर त्यात नवल नाही.

पण गाणं या भागात भरपूर आहे, बरं का. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची परंपरा चालवणारी खंजेरी भजनी मंडळं आहेत. १४ एप्रिल जवळ आली की भीमगीतांच्या तालमी सुरू होतात. बंजाऱ्यांची लेंगी आहे. मारेगाव, झरी-जामणीकडे कोलामांच्या पोडांवर (कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात) कोलामी गाणी आहेत. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं, पण दहा माणसांचं भजनी मंडळ पेटी-तबल्यासह नागपूरला न्यायचं म्हणजे केवढा खर्च! तेव्हा स्टुडिओ इथे हवाच.

पहिलं काम शांतता

एक गाळा भाड्याने घेतला. आता माइक घ्यायचा की संगणक? छे, आधी शांतता घ्यायची! आणि ती दुकानात मिळत नाही. आपला कान फार हुशार असतो. वर्गात पंखा गरगरत असला तरी आपण बाईंचं बोलणं ऐकतो, पंखा विसरून जातो. माइकला ही कला येत नाही. त्याला पंखाही तेवढाच महत्त्वाचा आणि गाणंही.

म्हणून पुष्कळ लोक भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवतात. तुम्ही पाहिले असतील. पण बाहेरचा ट्रक त्या पुठ्ठ्याने अडत नाही! आवाज अडवायला जड, जाड वस्तू लागते. विटांची भिंत, भरीव दार, आणि शक्य असेल तर दोन भिंतींमध्ये हवेची पोकळी. शिवाय दाराखालची फट बुजवायला हवी, कारण हवा जिथून शिरते तिथून आवाजही शिरतो. दाराला रबराची पट्टी लावणं हे मोठ्ठं यंत्र घेण्याहून जास्त उपयोगाचं, असं माझं तरी मत आहे.

दुसरी भानगड खोलीच्या आतली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. 'ठण्ण' असा घुमारा येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, त्यामुळे छोट्या खोलीत तो एका सेकंदात कितीतरी वेळा भिंतींवर आपटून परत येतो. हा घुमारा शोषायला मऊ, जाड, सच्छिद्र गोष्ट लागते. आणि यवतमाळ जिल्हा कशासाठी प्रसिद्ध आहे? कापसासाठी! कापसाच्या जाड गाद्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून उभ्या केल्या, की घुमारा निम्मा पळतो. फक्त एक लक्षात ठेवायचं. कापूस पेट घेतो. म्हणून विजेच्या तारा गाद्यांपासून दूर आणि नीट नळीतून न्यायच्या.

राहिला कुलर. वैदर्भीय माणूस उन्हाळ्यात कुलर बंद करायला तयार होतो तो दोनच कारणांनी: लाइट गेली तर, किंवा रेकॉर्डिंग असलं तर! कुलरचा घोंघाट तर आहेच, शिवाय त्याची ओल माइकला सोसत नाही. मग करायचं काय? खोली आधी गार करून घ्यायची, कुलर बंद करायचा, गाणं घ्यायचं, की पुन्हा कुलर. गायक घामाघूम. पण ही तक्रार जुनीच आहे. लता मंगेशकरांनी मुलाखतींत सांगितलं आहे, की त्यांच्या सुरुवातीच्या काळात चित्रीकरण आटोपल्यावर रात्री त्याच स्टुडिओत गाणी रेकॉर्ड व्हायची, आणि आवाज येतो म्हणून पंखे बंद ठेवावे लागायचे.

सकाळची फेरी

आता रोजचं काम पाहू. स्टुडिओचा मालक, रेकॉर्डिस्ट आणि झाडूवाला बहुधा एकच माणूस असतो. सकाळी आल्याबरोबर आधी ओल्या फडक्याने फरशी पुसायची. झाडू मारायचा नाही, कारण धूळ उडते. आपल्या मोठ्या माइकच्या आत केसाहूनही पातळ असा पडदा असतो. गाण्याने हवा थरथरली की तो पडदा थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. त्यावर कोळशाची किंवा चुन्याची पूड बसली तर तो बिघडणारच. म्हणून काम झालं की माइक डब्यात जातो. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी असते ना, तशी पुडी सोबत.

मग हेडफोन लावून नुसतं ऐकायचं. कुणी गात नाही, काही वाजत नाही, तरी दोन मिनिटं ऐकायचं. 'हूंऽऽ' असा बारीक सूर येतोय? आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. अर्थिंग नीट नसलं किंवा माइकची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेली, की ते हेलकावे गाण्यात घुसतात. मग एकेक वायर काढून चोर शोधायचा. कधी दहा मिनिटांत सापडतो, कधी अख्खी सकाळ जाते.

सुरुंगाचं काय? तो धक्का हवेतून येतो तसा जमिनीतूनही येतो. म्हणून माइकच्या स्टँडखाली जाड रबर किंवा दुमडलेली सतरंजी. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून सुरुंगाची वेळ भिंतीवर लिहून ठेवायची. त्या वेळात चहा!

खंजेरी कुठे बसवायची?

दहा वाजता भजनी मंडळ आलं. पेटी, तबला, टाळ, खंजेरी आणि सहा आवाज. आपल्याकडे माइक मात्र चार. आता खरी गंमत.

प्रत्येकाला वेगवेगळं बसवून, हेडफोन देऊन, एकेकाचा आवाज वेगळा घ्यायचा, ही एक पद्धत. यात कुणी चुकलं तर तेवढाच भाग पुन्हा घेता येतो. पण मंडळातले लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या तोंडाकडे पाहून गात आलेले असतात. बुवांनी मान हलवली की टाळ थांबतात. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, की सूर बरोबर येतात आणि भजन मात्र निघून जातं. मी असतो तर सगळ्यांना एकत्रच बसवलं असतं, थोडी गडबड झाली तरी चालेल.

पण एकत्र बसवलं की खंजेरीच्या झांजा सगळ्यांवर मात करतात. उपाय? तिचा आवाज कमी कर म्हणून सांगायचं नाही, वाजवणारा बिचारा बावरतो. त्याला मागे बसवायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं, की माइकपर्यंत पोचणारी आवाजाची ताकद एक चतुर्थांश उरते. खोलीत घुमारा असल्याने इतका फरक पडत नाही, पण चांगलाच पडतो. तेव्हा बुवा एका हातावर, पेटी दोन हातांवर, खंजेरी पार मागच्या गादीपाशी. अर्धा तास नुसती माणसं सरकवण्यात जातो! सतरंजीवर खडूने खुणा करून ठेवायच्या, म्हणजे चहानंतर सगळे त्याच जागी बसतील.

माणूस हलवून आवाज बदलण्याची युक्ती नामवंतांनीही केली आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात दुरून येणाऱ्या आवाजासारखी हवी होती. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं कुठली! लताबाई खोलीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात, पावलापावलाने माइककडे आल्या.

अजून एक प्रयोग करा. तोंडासमोर तळहात धरा आणि मोठ्याने म्हणा, 'फटाका'. हवेचा धक्का लागला ना? तोच धक्का माइकच्या पडद्याला बसतो आणि 'भप्प' असा आवाज रेकॉर्ड होतो. भरतकामाच्या गोल चौकटीवर जुना पातळ पायमोजा ताणून माइकपुढे धरला, की काम भागतं.

आणि आता सगळ्यांत अवघड काम. लाल दिवा लागला की माणसं घाबरतात! देवळात रात्रभर गाणारे बुवा माइकपुढे घसा खाकरत बसतात. शब्द विसरतात. मोठ्या गायकांचंही असंच व्हायचं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कसा बसवायचा, म्हणून कितीतरी उस्ताद नाखूष असत. जी. एन. जोशी हे स्वतः गायक, आणि 'एच.एम.व्ही.' कंपनीत ते रेकॉर्डिंगचं काम पाहायचे. कलाकारांची मर्जी सांभाळत, त्यांना खुलवत त्यांनी अनेक ध्वनिमुद्रिका तयार केल्या. संतूर, बासरी आणि गिटार यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही त्यांतलीच एक. आपला राजूरचा रेकॉर्डिस्टही थोडी लबाडी करतो. "बुवा, ही नुसती तालीम हं," असं म्हणतो आणि गुपचूप रेकॉर्डिंग चालू ठेवतो. पुष्कळदा तीच तालीम सर्वांत सुंदर निघते!

गाणं संपलं, काम उरलं

मंडळ दुपारी दोनला गेलं. आता संगणकापुढे बसायचं. कुठे खोकला आला, कुठे खुर्ची करकरली, ते काढायचं. श्वासाचे आवाज मात्र सगळे काढू नयेत. ते काढले की गाणारा माणूस यंत्रासारखा वाटायला लागतो. मग प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करून मेळ घालायचा, आणि झालेलं गाणं मोठ्या स्पीकरवर, साध्या मोबाइलवर आणि शेजारच्या ऑटोतही लावून पाहायचं. ऐकणारे तिथेच तर ऐकणार!

थोडं गणित करू. समजा, तासाला ४०० रुपये भाडं ठरलं आणि मंडळाने चार तास घेतले. झाले १६०० रुपये. पण त्याआधी एक तास तयारी आणि नंतर सहा तास संगणकावर. म्हणजे अकरा तासांचे १६०० रुपये, तासाला साधारण १४५. त्यातून गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, आणि लाइट गेली तर संगणक चालू ठेवणारी बॅटरी. म्हणून छोटे स्टुडिओवाले लग्नाचे, निवडणुकीचे, दुकानांच्या जाहिरातींचे आवाजही रेकॉर्ड करतात. त्यात कमीपणा काय? जाहिरातीवरच भजनाची सोय होते.

एक काम मात्र पैशांचं नाही, तरी चुकवायचं नाही. नाव लिहिण्याचं. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी तबकडीवर घेतली गेली. गाणं संपताच त्या स्वतःचं नाव सांगायच्या. का? तबकड्या तयार व्हायच्या पार जर्मनीत, हॅनोव्हर शहरात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण, हे कळायला नको?

आपल्याही गाण्याला हे लागतंच. कोणी गायलं, कोणी लिहिलं, चाल कोणाची, गाव कोणतं, तारीख काय. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात सुधारणा झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला हक्क पक्का झाला. पण वहीत नावच नसेल, तर हक्क मागणार कोण? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक! पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं होतं. म्हणूनच 'परी' या संकेतस्थळाचे लोक २०१७ नंतर त्यांतल्या काही गावांना पुन्हा जाऊ शकले. कुठे ती आजी भेटली, कुठे तिची लेक.

आता विचार करा. आपल्या स्टुडिओत एका पोडावरची म्हातारी आली, तिने एक कोलामी गाणं म्हटलं, आणि संगणकात त्याचं नाव राहिलं 'ऑडिओ ०१२'. वीस वर्षांनी ते कोण ओळखणार? आणि संगणकच बिघडला तर? एका पाच मिनिटांच्या गाण्याचे बारा वेगळे आवाज ठेवले, तर साधारण अर्धा जीबी जागा लागते. म्हणून रोज संध्याकाळी प्रती काढायच्या. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्याच घरी. आग लागली, पाणी शिरलं, तरी एक प्रत वाचते.

हा स्टुडिओ तुम्हांला घरीही काढता येईल. आजीला जात्यावरची ओवी, अंगाई, भोंडल्याचं किंवा भुलाबाईचं गाणं येतं का विचारा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून तिला त्याच्यासमोर बसवा, म्हणजे घुमारा कमी होईल. मोबाइल 'विमान' खुणेवर ठेवा, नाहीतर मधेच मामाचा फोन येईल. पंखा बंद. मोबाइल हातात धरू नका, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. आधी आजीला स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख सांगू द्या. "ही नुसती तालीम" म्हणायला हरकत नाही, पण नंतर तिला खरं सांगा आणि ऐकवाही! आणि हो, घुरघुर येते म्हणून फ्रीज बंद केला असेल, तर तो आठवणीने पुन्हा चालू करा. दूध नासलं तर आई तुमचं पुढचं रेकॉर्डिंग होऊ देणार नाही.