मंद फटक्याला हलकी काठी

वय वाढले की खांदे आणि कंबर पूर्वीइतकी वळत नाहीत, गोल्फची काठी मंद फिरते. चेंडूला वेग आणि फिरकी दोन्ही कमी मिळाल्याने तो हवेत फार काळ टिकत नाही. त्याला वर उचलण्याचे काम मग काठीच्या तिरप्या मुखाला करावे लागते. म्हणून ड्रायव्हर या लांब फटक्याच्या काठीचा लॉफ्ट, म्हणजे हा तिरपेपणा, ९ अंशांऐवजी १२ अंशांच्या आसपास असावा. कमी लॉफ्टची काठी लांब मारते हा समज ज्येष्ठांचे सर्वाधिक नुकसान करतो.

दांड्याचे वजनही महत्त्वाचे. आयर्न प्रकारच्या काठीचा पोलादी दांडा बहुधा १०० ग्रॅमच्या पुढे भरतो, ग्रॅफाइटचा ६० ग्रॅमच्या आसपासही मिळतो. शिवाय तो हाताला बसणारा हादरा बराच शोषतो. फटक्यात ड्रायव्हरचा वेग ताशी १३५ किलोमीटरखाली असेल, तर ‘सीनियर’ लवचिकतेचा दांडा सहसा जुळतो. मात्र लवचिकतेच्या या खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात.

३ आणि ४ क्रमांकांच्या आयर्न काढून त्यांच्या जागी चेंडू सहज उचलणाऱ्या हायब्रिड काठ्या घ्याव्यात. सांधे दुखत असतील तर मूठ थोडी जाड बसवावी. नियमाने पिशवीत १४ काठ्या चालतात. तितक्या भरल्याच पाहिजेत असे नाही. खरेदीपूर्वी प्रत्येक काठीने दहा-बारा चेंडू मारून पाहावेत.