एकच विक्री, आकडे चार

३१ मार्चच्या संध्याकाळी एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात 'यंदा विक्री किती झाली?' असं विचारून पाहावं. विक्री विभाग हाती आलेल्या ऑर्डरी मोजतो. गोदामवाला गाडीत चढलेला माल सांगतो. हिशेबनीस बिलांची बेरीज पुढे करतो, आणि ती जीएसटी धरून की वगळून, हे पुन्हा विचारावं लागतं. मालकाच्या डोक्यात मात्र बँकेत जमा झालेला पैसा असतो. चौघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'सगळं एका सॉफ्टवेअरवर आणा, गोंधळ मिटेल.' या विषयातला हा सर्वांत महागडा गैरसमज. टार्गेट या अमेरिकी कंपनीला तो कॅनडात चांगलाच भोवला. २०११ मध्ये तिने झेलर्स या साखळीच्या दुकानांचे भाडेकरार सुमारे १.८ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून घेतले आणि मार्च २०१३ पासून दुकानं उघडायला सुरुवात केली. एसएपीची कोरी करकरीत प्रणाली बसवली. पण तिच्यात हजारो वस्तूंची माहिती घाईघाईत भरली गेली. कुठे लांबीच्या जागी रुंदी, कुठे सेंटिमीटरच्या रकान्यात इंच, कुठे बारकोडच चुकीचा. खोक्याचं माप चुकलं की ते फळीवर किती मावेल हेही चुकतं आणि पुढची मागणीही. गोदामं माल ठेवायला जागा नाही इतकी भरली आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या राहिल्या! जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तिची १३३ दुकानं होती आणि १७ हजारांहून अधिक कर्मचारी. चढ्या किमतींसारखी इतर कारणंही होतीच, पण रिकाम्या फळ्यांचं मूळ बऱ्याच अंशी या चुकीच्या नोंदींत होतं.

दुसरा गैरसमज त्याहून साधा दिसतो: फाइली एकत्र केल्या की माहिती एकत्र आली. इंग्लंडमध्ये २०२०च्या शरदात प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले जात होते. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. जास्तीच्या ओळी गळत राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून निसटले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. फाइल मात्र व्यवस्थित उघडत होती. किती ओळी आल्या आणि किती पोचल्या, एवढी बेरीज कोणी ताडून पाहिली असती तरी भागलं असतं. आपल्याकडच्या जुन्या मुनिमाला हे शिकवावं लागत नसे. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज, आणि तेरीज जुळल्याशिवाय दिवा मालवायचा नाही, असा त्याचा शिरस्ता.

दोन वह्या जुळवायच्या तर दोन्हींत सारखी अशी एक खूण लागते. नाव ही खूण फार कच्ची. गावोगावी शिवाजीनगर असतं आणि एकाच ग्राहकाचं नाव तीन कारकून तीन तऱ्हांनी लिहितात. टपाल खात्याला ही अडचण आधीच कळली होती. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला तो त्यासाठीच. व्यापाऱ्याकडे आज तशी खूण आयतीच आहे. जीएसटी क्रमांकाच्या १५ स्थानांपैकी पहिली दोन राज्याची, म्हणजे महाराष्ट्राची २७ आणि गोव्याची ३०. त्यापुढची दहा म्हणजे पॅन. कोल्हापूर आणि पणजी अशा दोन्ही ठिकाणी नोंदणी असलेल्या ग्राहकाचे जीएसटी क्रमांक दोन, पण पॅन एकच. कर भरताना ते दोन ग्राहक. उधारी किती चढू द्यायची हे ठरवताना मात्र तो एकच, नाहीतर कोल्हापुरात थकलेला गडी पणजीतून पुन्हा उधार नेतो.

म्हणूनच 'माहिती जोडली की एकच खरा आकडा उरेल' ही अपेक्षाही फसवी आहे. सुरुवातीचे चारही आकडे ठेवावे लागतात. फक्त त्यांना ऑर्डर, रवानगी, बिल, वसुली अशी चार वेगळी नावं द्यावी लागतात. हे काम रटाळ असतं, त्यात विभागप्रमुखांची भांडणं होतात, आणि कुठलाही सॉफ्टवेअर विक्रेता ते भांडण सोडवून देत नाही.

माहिती क्षणाक्षणाला ताजी हवी, हाही असाच हट्ट. दरमहा विवरण भरणाऱ्याला खरेदीवरच्या कराचा दाखला देणारं जीएसटीआर-२बी महिन्यातून एकदाच, १४ तारखेला तयार होतं, आणि खरेदीची वही त्याच्याशी जुळवायला तेवढं पुरतं. २००४ मध्ये फ्रान्सिस वादळ फ्लोरिडाकडे सरकत असताना वॉलमार्टने काही आठवड्यांपूर्वीच्या चार्ली वादळाच्या वेळची विक्री तपासली. वादळाआधी स्ट्रॉबेरीचे पॉप-टार्ट्स नेहमीच्या सातपट खपले होते, आणि सर्वाधिक मागणी बिअरला होती. ट्रक त्याप्रमाणे भरले गेले. माहिती शिळीच होती, पण विक्रीची तारीख आणि ठिकाण वादळाच्या तारखेशी आणि ठिकाणाशी जुळवता येत होतं.

हे सगळं मोठ्यांचं, असं म्हणणाऱ्या खाणावळवाल्याने आपलं बँकेचं पासबुक काढावं. अ‍ॅपवरून गेलेल्या डब्यांचे पैसे तिथे एकेक करून येत नाहीत. काही दिवसांनी, कमिशन कापून, एकगठ्ठा येतात. तो गठ्ठाच विक्री म्हणून लिहिला की विक्री कमी दिसते आणि कमिशनचा खर्च वहीतून गायब होतो. बिलाची पूर्ण रक्कम, कापलेलं कमिशन आणि हाती आलेले पैसे असे तीन रकाने आखले, तर महिनाअखेरीला अ‍ॅपवरची थाळी आणि गल्ल्यावरची थाळी शेजारी शेजारी ठेवून कुठल्या थाळीत किती सुटतात ते पाहता येतं.