विस्तवाचं घर (लेखांक ६) : निखाऱ्याला उंबरठा

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यांत दिवाळीच्या पहाटे पहिली जाग यायची ती तांब्याच्या बंबाला. शेजारच्या कसब्यातल्या तांबट आळीत ठोकून घडवलेल्या या बंबाच्या मधल्या नळकांड्यात चिंध्या, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या पडत आणि थोड्या वेळात तोटीतून कढत पाणी येई. पेटवणाऱ्याचं लक्ष मात्र खालच्या जाळीकडे असे. तिथून निखारा ओघळला, की चिमटा शोधायची धावपळ!

गेल्या आठवड्यात ज्वाळेची गोष्ट झाली. आता तिच्यामागे उरणाऱ्या निखाऱ्याची. लाकूड तापलं, की त्याच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग वायुरूपात बाहेर पडतो आणि तोच ज्वाळा होऊन जळतो. मागे राहतो तो कोळसा. हा कोळसा तडकतो, झिजतो, लहान लहान होत जातो आणि जाळीच्या फटीतून किंवा चुलीच्या तोंडातून घरंगळतो. वर राखेचा पापुद्रा धरला, की तो विझल्यासारखा दिसतो. पण राख हवा अडवते आणि धग धरून ठेवते. रात्री निखारे राखेत पुरून सकाळसाठी विस्तव राखायची जुनी रीत याच गुणावर चाले.

वाड्यात हे खेळण्यासारखं नव्हतं. दगडी जोत्यावर सगळा सागवानी पसारा: खांब, तुळया, फळ्या. याच पेठेतला शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि आठवडाभर जळत राहिला. त्या आगीचं खापर कुठल्या चुलीवर फोडायला नको. पण आज तिथे जोती, तट आणि दरवाजेच का दिसतात, याचं उत्तर त्या लाकडात आहे.

मग चुलीचं तोंडच बुजवलं तर? निखारे आत राहतील, पण हवाही त्याच वाटेनं आत जाते. ती कोंडली, की धूर वाढतो आणि त्याबरोबर विषारी कार्बन मोनॉक्साइडही.

म्हणून तोंड बुजवण्याऐवजी त्याला उंबरठा घालायचा. मातीच्या चुलीच्या तोंडाशी दोनेक बोटं उंच कड लिंपली आणि आतला तळ मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवला, की निखारा आतच सरकतो. जाळी असेल तर फट राख गळेल एवढी मोठी आणि कोळसा अडेल एवढी लहान हवी. फार बारीक झाली, तर राखेनं तुंबते आणि खालची हवा बंद होते. तरीही जे गळेल, ते झेलायला जाळीखाली उभ्या काठाचा पत्र्याचा ट्रे ठेवावा. फक्त जाळी आणि ट्रे यांच्यामध्ये हवेला वाट सोडावी.

पुण्यातच याचं आणखी एक उत्तर सापडतं. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' संस्थेच्या सराई कुकरमध्ये उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या कांड्या वापरता येतात. सुमारे १०० ग्रॅम कोळसा तळाशी छोट्या जाळीदार पात्रात बसतो, वर वाफेवर डबे शिजतात, आणि भोवती बाहेरचं भांडं असतं. इथे निखाऱ्याला घरंगळायला जागाच उरत नाही.

राहिली ट्रेमधली राख. ती कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या बादलीत न भरता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालावी आणि डबा फरशीवर, लाकडापासून दूर, राख पूर्ण गार होईपर्यंत काही दिवस तसाच ठेवावा.

(पुढच्या आठवड्यात : धुराडं किती उंच हवं?)