नाव नको, वॅट विचारा

मलकापुरातून भाच्याचा फोन आला. "मामा, रॅम अजून महागणार म्हणतात. आत्ताच लॅपटॉप घेऊन टाकू का? आणि फिफ्टी सिक्स्टी घेऊ का फिफ्टी सेव्हन्टी?"

शाहूवाडी तालुक्यात लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे डिजिटल फलक, उरुसाची पोस्टर करणारी जी तरुण मुलं आहेत, त्यांतला हा एक. सीझनमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री दुकान बंद झालं की मित्रांबरोबर गेम खेळतो. दोन्हीला मिळून एकच मशीन, आणि हातात सव्वा लाख रुपये. हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातोय, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो.

रॅमची बातमी खरी आहे. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत सुट्ट्या डीडीआर-५ रॅमच्या किमती दुपटीवर गेल्या. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी त्यांना जास्त पैसे मिळवून देते, त्यामुळे कारखाने तिकडे वळलेत. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने होणारी ग्राहकांसाठीची रॅम आणि एसएसडीची विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. गावोगावच्या दुकानांत ज्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवला जायचा, ते नाव असं गेलं. पण या घाईत चुकीचं मशीन घरी आलं तर रॅमवर वाचवलेले पैसे चारपट होऊन बाहेर जातात.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ग्राफिक्स कार्ड पन्नास-साठ की पन्नास-सत्तर? मी त्याला उलट विचारलं, "किती वॅटची?" तो गप्प झाला. दुकानदारानं सांगितलंच नव्हतं.

ग्राफिक्स कार्डाच्या नावाची ही गंमत नाही, ही ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डेस्कटॉपमधल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ६,१४४ कोअर, १२ जीबी मेमरी आणि २५० वॅटची भूक. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४,६०८ कोअर, ८ जीबी मेमरी, आणि वीज ५० ते १०० वॅट, लॅपटॉप बनवणारा ठरवेल तेवढी. नाव एक आणि वस्तू दोन. त्यातही ५० वॅट मिळणारी ५०७० आणि १०० वॅट मिळणारी ५०७० यांच्या खोक्यावर छापलेला शब्द तोच. पातळ, देखण्या लॅपटॉपमधली उपाशी ५०७० ही जाडजूड लॅपटॉपमधल्या पोटभर जेवलेल्या ५०६० च्या मागे पडू शकते. शिवाय २०२५ मध्ये आलेल्या या दोन्ही चिपना मेमरी ८ जीबीच. ब्लेंडरमध्ये मोठा सीन उघडताना किंवा एआयची साधनं वापरताना मेमरी संपली, तर ५०७० चे जादा पैसे कामी येत नाहीत. १२ जीबी हवी तर ५०७० टीआयपर्यंत जावं लागतं, आणि ती सव्वा लाखात बसत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न वॅटचा. कंपनीच्या संकेतस्थळावर 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टीजीपी' या नावाखाली तो आकडा असतो. तो कुठंच लिहिलेला नसेल, तर ते मशीन सोडून द्यावं.

आता त्याचं काम बघू. २० बाय १० फुटी फलकाची फाइल घ्या. ती २४० बाय १२० इंच होते. इंचाला ७२ ठिपके धरले तर १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे जवळपास १५ कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एक पूर्ण थर सुमारे ६०० एमबी. पार्श्वभूमी, मधला मोठा फोटो, त्याची सावली, वरची चमक, नेत्यांच्या फोटोंची पट्टी असे आठ-दहा मोठे थर चढले की पाच-सहा जीबी तिथंच गेली. वर अन्डूचा इतिहास, बाजूला उघडलेलं कोरलड्रॉ आणि गिऱ्हाईक फोटो पाठवतंय तो व्हॉट्सअॅप. या कामाला लागते ती रॅम. ग्राफिक्स कार्ड इथं बराच वेळ बसून असतं. १६ जीबीवर हे काम अडखळतं, ३२ वर सुरळीत चालतं.

महागाईच्या दिवसांत ३२ कुठून आणायची? बोर्डावर सोल्डर केलेली रॅम घेऊ नये. दोन खाचा असलेलं मशीन घ्यावं. एका खाचेत १६ ची एक पट्टी असेल तर सुरुवातीला वेग थोडा कमी मिळतो, कारण दोन पट्ट्या जोडीनं काम करतात तेव्हाच मेमरीचा पूर्ण रस्ता खुला होतो. पण दुसरी खाच रिकामी आहे म्हणजे लग्नसराईचे पैसे हातात आल्यावर दुसरी पट्टी टाकता येते. ज्याच्याकडे जीएसटी नोंदणी आहे आणि जो कंपोझिशन योजनेत नाही, त्यानं लॅपटॉपचं बिल धंद्याच्या नावावर घ्यावं. १८ टक्के कर वजावटीत परत मिळतो, आणि आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरता येतो. आपली मुलं घरच्या नावावर बिल करून ही रक्कम हकनाक सोडून देतात.

व्हिडिओचा हिशोब पुन्हा वेगळा. हल्ली लग्नात मिररलेस कॅमेरे आलेत, त्यांची फाइल बऱ्याचदा १० बिट, ४:२:२, एच.२६५ अशी असते. ही फाइल उलगडणारी खास यंत्रणा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये गेल्या काही पिढ्यांपासून आहे, तिचं नाव क्विक सिंक. एनव्हिडियाच्या कार्डात ४:२:२ ची सोय ५० च्या मालिकेपासून आली, ४० च्या मालिकेत नव्हती. लग्नाच्या एडिटरांचं लाडकं सॉफ्टवेअर एडियस याच क्विक सिंकचा आधार घेतं, आणि ते चालतं फक्त विंडोजवर. म्हणून एएमडीचा प्रोसेसर आणि जुनं ४० चं कार्ड ही जोडी गेममध्ये उत्तम पळते, आणि मंगलाष्टकांच्या क्लिपवर टाइमलाइन अडखळते. एडियसवर हात बसलेल्यानं मॅकबुकचा मोह टाळावा.

स्क्रीन मात्र सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. १४४ हर्ट्झ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि आत बारीक अक्षरांत रंगांचा आवाका, '४५ टक्के एनटीएससी'. अशा स्क्रीनवर नवरीच्या शालूचा लाल विटकरी दिसतो. मग मुलगा तो लाल वाढवतो, आणि लॅबमधून अल्बम येतो तेव्हा शालू पेटल्यासारखा आणि हळदीचा चेहरा केशरी. अल्बम पुन्हा छापायचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. '१०० टक्के एसआरजीबी' एवढे शब्द तपशिलात शोधा. त्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.

गेमबद्दल थोडक्यात. व्हॅलोरंटसारखे खेळ साध्या मशीनवरही पळतात, आणि फुल एचडीवर आजचे बहुतेक मोठे खेळ ५०६० सांभाळते. जीटीए ६ साठी म्हणून कुणी लॅपटॉप घेत असेल तर थांबावं. १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर झालेली तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची आहे. पीसीसाठी तारीख दिलेली नाही.

सव्वा लाखात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, हे मी त्याला सांगितलं. त्याचं उत्तर पटलं. बांबवडे, सरूड, भेडसगावच्या हॉलमध्ये वऱ्हाड जेवत असताना त्याला सकाळच्या विधींची दोन मिनिटांची फिल्म करून पडद्यावर दाखवायची असते. तिथं डेस्कटॉप नेता येत नाही.

या सगळ्यानंतर मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी यांच्या टेबलाशी एक दिवस बसावं, असं मला तिथं वाटलं. त्यांनी माझ्यासमोर एक गेमिंग लॅपटॉप उलटा केला, अकरा स्क्रू काढले, पंखा उचलला. पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये करड्या-तांबड्या धुळीचा थर बसला होता, चिमट्यानं उचलला तर अखंड पट्टी हातात आली. "हा बघा नमदा," ते म्हणाले. "पावसाळ्यात दमट झालेली धूळ उन्हाळ्यात वाळली की असा नमदा होतोय. हवा जाणार कुठनं?"

आपल्याकडचा पाऊस त्यांना तोंडपाठ. आंब्याकडून, विशाळगडाच्या बाजूनं येणारी मशीन ते धुळीच्या रंगावरून ओळखतात, कारण तिकडची माती जांभ्याची. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचं काम सुरू झाल्यापासून रस्त्याकाठच्या दुकानांतली मशीन जास्त येतात. शंभर वॅटची चिप घेतली आणि नमद्यानं वाट अडवली, की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. कागदावरचे शंभर वॅट कागदावरच राहतात. गिऱ्हाईक म्हणतं मशीन जुनं झालं. त्यांच्या मते दोन वर्षांनी पात्या साफ करून थर्मल पेस्ट बदलली तर तेच मशीन पुन्हा पळतं.

खरेदीआधी ते तीन गोष्टी बघायला सांगतात. तळाचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? कीबोर्ड सुटा मिळतो, की वरच्या सगळ्या पत्र्याला ठोकून बसवलेला आहे? चहा सांडल्यावर फरक काही हजारांचा पडतो. आणि आत पेस्ट आहे की लिक्विड मेटल? लिक्विड मेटल उष्णता छान वाहून नेतं, पण त्यातून वीजही वाहते. एक थेंब बोर्डावर गेला तर बोर्ड जळतो. कोल्हापुरात ते उघडायला फार थोडे हात तयार होतात, मलकापुरात जवळपास कुणीच नाही. जागेवर येऊन दुरुस्तीची हमी देणारी कंपनी आपल्या पिनकोडला येते का, हेही पैसे देण्याआधी विचारावं.

कोल्हापूरच्या मातीत यंत्र उघडून बघण्याची सवय जुनी आहे. १९१८ मध्ये याच शहरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. त्या गावच्या मुलांनी उघडता न येणारं यंत्र विकत घ्यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिली वीज. अशा लॅपटॉपचा अॅडॉप्टर २०० वॅटच्या पुढचा असतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर काम सुरू राहील हा समज काढून टाका. विमानात १०० वॅट-अवरच्या वरची बॅटरी विनापरवानगी नेता येत नाही, म्हणून कुठलाच बनवणारा त्यापलीकडे जात नाही. बॅटरीवर चिपला पूर्ण वॅटही मिळत नाहीत. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवर, हाती येतात बारा-तेराशे. २०० वॅटचं मशीन आणि दुकानातले दिवे-पंखे चालवून चार-पाच तास निघतात. पण इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोठा अॅडॉप्टर गुणगुणतो, तापतो आणि एक दिवस बसतो. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

भाच्याच्या दुकानात त्याच्या जुन्या लॅपटॉपवर मनगट टेकवलं तेव्हा झिणझिण्या आल्या होत्या. त्याला त्या सवयीच्या झालेल्या. अॅडॉप्टरच्या तीन पिनांतली जाड पिन बोर्डात जात होती, बोर्डामागे अर्थिंगची वायरच नव्हती. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाळ्यांत हीच स्थिती आहे. नवीन मशीन घेण्याआधी तुमच्याही दुकानात वायरमनला बोलवून एवढं तपासून घ्या.

शेवटी त्यानं १०० वॅटची ५०६०, इंटेलचा प्रोसेसर, १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन, एक १६ ची पट्टी आणि एक रिकामी खाच असलेला, जाड आणि अडीच किलोचा लॅपटॉप पक्का केला. तो यायच्या दोन दिवस आधी दुकानामागं खड्डा खणून मीठ-कोळसा टाकला, अर्थिंगची पट्टी पुरली आणि हिरवी वायर बोर्डापर्यंत आणली.