धडधाकट माणसाची नाडी

आमचा पुतण्या पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. परवा तपासणीत त्याची नाडी मिनिटाला 48 भरली आणि वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आले. सिस्टर मात्र शांत. "चक्कर येते? धाप लागते? छातीत दुखतं?" तिन्हींना नाही. धावण्याचे ऐकून त्या हसल्या.

मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत 60 ते 100 धरतात. पण नियमित धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, त्याला कमी ठोके पुरतात. चक्कर येत असती, तर हीच 48 काळजीची ठरली असती.

उलटी बाजूही सिस्टरनीच सांगितली आणि आम्हाला तीच जास्त महत्त्वाची वाटते. याच मुलाची नाडी बसल्या जागी 95 आली, तर ती तक्त्यात बसते. पण त्याच्यापुरती जवळजवळ दुप्पट! अपघातात आतून रक्त जात असले, तरी तरणे शरीर ब्लडप्रेशर बराच वेळ सावरून धरते. आधी वाढतात नाडी आणि श्वास. तेव्हा नुसते 'प्रेशर ठीक आहे' ऐकून घरी परतू नये.

वहिनी आता त्याची रोजची नाडी कॅलेंडरवर लिहितात. सकाळी, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट मोजून.